जखम पाहून दिलेले होन : सैनिकाच्या अपंगत्व पेन्शनची गोष्ट



नोव्हेंबर महिना आला की अलवालच्या काकांचा फोन येतो. "पोरी, दाखल्याचं तेवढं करून दे." दाखला म्हणजे हयातीचा दाखला. पेन्शन चालू राहायची तर आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सरकारला कळवावं लागतं. पूर्वी बँकेत जाऊन सही करायची, आता संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' नावाच्या संगणक प्रणालीवर भरायचं. काका मूळचे सातारा जिल्ह्यातले, तोफखान्यात चोवीस वर्षं नोकरी केलेले. शेवटची काही वर्षं गोळकोंड्याच्या आर्टिलरी सेंटरवर नवीन पोरांना शिकवायला होते. मग इथलेच झाले.

काकांच्या घराची खूण सांगायची तर गल्लीच्या तोंडापासून ऐकू येणारा टीव्ही. आमची मुलं हसतात. "आजोबांना बातम्या नाही, बाँब लागतात," असं माझा धाकटा एकदा म्हणाला होता. काका पण हसले. काकू मात्र हसल्या नाहीत.

यंदा दाखला भरताना एक नंबर सापडेना, म्हणून काकूंनी कपाटातून जुनी प्लास्टिकची फाइल काढली. पेन्शनचा आदेश, डिस्चार्ज बुक, पिवळे पडलेले फोटो. त्यात निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा कागद होता. दोन्ही कानांची श्रवणशक्ती कमी. अपंगत्व वीस टक्के, कायमचं. आणि खाली शेरा होता, 'नाना'.

मी विचारलं, "काका, हे नाना कोण?"

काका म्हणाले, "ते नाना नाहीत गं. नायदर ॲट्रिब्युटेबल, नॉर ॲग्रव्हेटेड. म्हणजे कान गेला त्यात फौजेचा काही संबंध नाही."

चोवीस वर्षं तोफांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाचा कान गेला, आणि त्यात तोफेचा संबंध नाही! "मग तुम्ही विचारलं नाही का?" तर म्हणाले, "काय मागायचं? पेन्शन मिळतीय की. आणखी मागायला लाज वाटती."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून मग वाचलं, विचारलं, जमवलं. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी फौजेतलं आहे. सिकंदराबादची छावणी, सैनिकपुरी, तिरुमलगिरी, यापरळ, हकीमपेठ, डुंडीगल या पट्ट्यात तर मराठी फौजी कुटुंबं पुष्कळ. त्यांच्या नातवंडांनी हे वाचावं म्हणून हा लेख.

पेटकरांपासून सुरुवात करू

'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा २०२४ मध्ये आला, तो तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. ज्यांच्या आयुष्यावर तो बेतला ते मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे. त्यांचं आणि आपल्या शहराचं नातं मात्र फारसं कुणी सांगत नाही. पेटकर लष्कराच्या ईएमई विभागात, म्हणजे यंत्रं आणि वाहनं दुरुस्त करणाऱ्या विभागात जवान होते, आणि त्यांच्या मुष्टियुद्धाचे दिवस इथल्या सिकंदराबादच्या ईएमईत गेले.

१९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. कमरेखालचं शरीर निकामी झालं. मुंबईच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात उपचार चालू असताना त्यांनी पोहायला सुरुवात केली. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइल शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकली. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्णपदक. पुढे पुण्यात टेल्को कंपनीत त्यांनी नोकरी केली. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, पदकानंतर ४६ वर्षांनी.

सिनेमा पाहून आपण टाळ्या वाजवतो. पण प्रत्येक जखमी जवान काही सुवर्णपदक आणत नाही. बहुतेक जण घरी येतात, शेती बघतात, कुठे सुरक्षारक्षक म्हणून उभे राहतात, मुलांची शिक्षणं करतात. त्यांना टाळ्या लागत नाहीत, लागतो तो महिन्याच्या महिन्याला येणारा हक्काचा पैसा. तो पैसा म्हणजे अपंगत्व पेन्शन.

ही कल्पना आपल्याला परकी नाही

कुणाला वाटेल, हे सगळं इंग्रजांनी आणलेलं. कायद्याची आजची भाषा त्यांच्या काळातली आहे हे खरं. पण कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेली बखर उघडून बघा. १६५९ साली प्रतापगडाची लढाई झाली. त्यानंतर शिवाजी महाराजांनी काय केलं ते सभासद नोंदवतो. लढाईत जे पडले त्यांच्या मुलांना नोकरीत चालवलं. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मं वेतन चालू केलं. आणि जे जखमी झाले त्यांना दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस असे होन दिले, प्रत्येकाची जखम पाहून.

'जखम पाहून' या दोन शब्दांत आजच्या अपंगत्व पेन्शनचं सगळं तत्त्व आलं. जखम किती मोठी हे बघायचं, ती कामावर झाली का हे बघायचं, आणि त्या मापानं द्यायचं. त्यात दान नाही आणि उपकारही नाहीत, ते देणं आहे. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले.

मग आज नेमकं चालतं कसं?

जवान दोन तऱ्हांनी फौजेतून बाहेर पडतो. एक म्हणजे मुदत पूर्ण करून निवृत्त होतो. दुसरं म्हणजे आजारपण किंवा दुखापत इतकी असते की नोकरीला अयोग्य ठरवून त्याला मध्येच घरी पाठवलं जातं. फौजेच्या बोलीत याला 'बोर्ड आउट' होणं म्हणतात, कारण हा निर्णय डॉक्टरांचं एक मंडळ, म्हणजे मेडिकल बोर्ड घेतं.

हे बोर्ड तीन प्रश्नांची उत्तरं लिहितं.

पहिला प्रश्न, काय झालंय? दुखापत की आजार, कोणता?

दुसरा प्रश्न, किती टक्के? पाय गुडघ्याखाली गेला तर अमुक, एक डोळा गेला तर तमुक, अशी कोष्टकं असतात.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. हे फौजेच्या नोकरीमुळे झालं का? किंवा आधीपासून थोडं होतं, पण नोकरीमुळे बळावलं का? यातलं एक जरी 'हो' असलं तरी अपंगत्व पेन्शनचा रस्ता उघडतो. दोन्हीकडे 'नाही' लिहिलं, की झालं 'नाना'.

मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याला अपंगत्वाचा पैसा मिळायचा तर अपंगत्व किमान २० टक्के असावं लागतं. म्हणजे काकांचा कान बरोबर उंबऱ्यावर होता. टक्के पुरेसे होते, आडवं आलं ते तिसरं उत्तर.

पैशाचं गणित

हे गणित एकदा समजून घेतलं की पुष्कळ गैरसमज जातात. अपंगत्व पेन्शनचे दोन भाग असतात. एक सेवेचा भाग, म्हणजे नेहमीची पेन्शन. दुसरा अपंगत्वाचा भाग. १०० टक्के अपंगत्वाला हा दुसरा भाग शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतो, आणि अपंगत्व कमी तसा त्या प्रमाणात कमी होतो.

सोपं उदाहरण घेऊ. शेवटचा हिशेबात धरला जाणारा पगार ४०,००० रुपये. १०० टक्के अपंगत्वाला त्याचे ३० टक्के, म्हणजे महिना १२,००० रुपये. अपंगत्व २० टक्के असेल तर त्या १२,००० चे २० टक्के, म्हणजे २,४०० रुपये. यावर महागाई भत्ता वेगळा.

पण इथे एक गोष्ट पुष्कळ जुन्या जवानांना ठाऊक नसते. पाचव्या वेतन आयोगाच्या वेळी, १९९६ पासून, टक्के वरच्या टप्प्यावर नेण्याची पद्धत आली. ५० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ५० धरायचे. ५० ते ७५ असेल तर ७५ धरायचे. ७६ आणि वर असेल तर पूर्ण १००. कारण सरळ होतं. दोन डॉक्टर एकाच गुडघ्याला वेगवेगळे टक्के देऊ शकतात, त्या फरकाचा फटका जवानाला बसू नये. म्हणजे आपल्या उदाहरणातले २० टक्के ५० झाले, आणि २,४०० चे ६,००० रुपये झाले.

सुरुवातीला हा फायदा फक्त मध्येच घरी पाठवलेल्यांना द्यावा असं सरकारचं म्हणणं होतं. मुदत पूर्ण केलेल्यांना का नाही, असं विचारत अनेक जवान न्यायाधिकरणात गेले. शेवटी १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जवानांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे ज्याचं पेन्शन त्याआधी ठरलं, त्याने आपला आदेश पुन्हा काढून बघायला हरकत नाही.

युद्धात किंवा तशा कारवाईत जखमी झालेल्यांचं मोजमाप वेगळं आणि मोठं असतं. त्याला युद्धजखम पेन्शन म्हणतात. नोकरीत राहून पुढे निवृत्त झालेल्याला १०० टक्क्यांसाठी पगाराच्या ३० ऐवजी ६० टक्के धरतात, आणि त्या जखमेमुळे घरी पाठवलं गेलं असेल तर त्याहून जास्त. शिवाय ज्याला उठता-बसता दुसऱ्याची मदत लागते, अशा १०० टक्के अपंग जवानाला बोर्डाच्या शिफारशीने सततच्या शुश्रूषेचा वेगळा भत्ता आहे.

सिद्ध कुणी करायचं?

आता पुन्हा काकांच्या 'नाना'कडे येऊ.

सामान्य माणसाला वाटतं, कान तोफेनेच गेला हे काकांनी सिद्ध करायला हवं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणत्या गोळीबाराने कानात शिटी वाजायला लागली, याचा पुरावा कुठून आणणार? इथेच नियमांचा खरा आत्मा आहे. १९८२ च्या हक्कविषयक नियमांनी दोन गोष्टी गृहीत धरल्या. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी तपासून घेतलं आणि कागदावर कोणता दोष नोंदवला नाही, तर तो माणूस तेव्हा निरोगी होता असं मानायचं. आणि दावा करणाऱ्यावर सिद्ध करण्याचं ओझं टाकायचं नाही. शंका असेल तर तिचा फायदा जवानाला द्यायचा.

नियम असे उदार होते, पण कागदावर 'नाना' लिहायला एक ओळ पुरायची. ही सवय मोडली धरमवीर सिंग यांच्या प्रकरणाने. ते १९८५ मध्ये सिग्नल विभागात भरती झाले. सुमारे नऊ वर्षांनी फिट येण्याच्या आजारामुळे त्यांना घरी पाठवलं. अपंगत्व २० टक्के. बोर्डाचं म्हणणं, हा आजार शरीराच्या घडणीतलाच आहे, नोकरीशी संबंध नाही. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विचारलं ते साधं होतं. भरतीच्या वेळी हा आजार नोंदवलेला होता का? नव्हता. तेव्हा तो सापडू शकला नसता, याची कारणं बोर्डाने लिहिली आहेत का? नाहीत. मग पेन्शन द्या.

फेब्रुवारी २०१५ मध्ये राजबीर सिंग प्रकरणात न्यायालयाने तीच भूमिका आणखी पक्की केली. त्याआधी, जून २०१४ मध्ये, सुखविंदर सिंग प्रकरणात म्हटलं की ज्याला अपंगत्वामुळे घरी पाठवलं, त्याचं अपंगत्व २० टक्क्यांहून कमी होतं असं म्हणताच येणार नाही. कारण इतकं किरकोळ असतं तर घरी कशाला पाठवलं असतं? आणि मे २०२५ मध्ये राजूमोन प्रकरणात पुन्हा बजावलं की बोर्डाने कारणं लिहिलीच पाहिजेत, कारण नसलेल्या शेऱ्यावर माणसाची पेन्शन अडवता येत नाही.

प्रत्येक दावा मान्य होतो असं नाही

हे वाचून कुणाला वाटेल की फौजी माणसाला काहीही झालं तरी सरकारने द्यावं. तसंही नाही. दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघा.

मदनसिंग शेखावत सुटीवर घरी जाताना रेल्वेच्या अपघातात सापडले आणि हात गमावून बसले. प्रवास सरकारी खर्चाने नव्हता म्हणून नाकारलं गेलं होतं. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, मंजूर सुटीवर जाणारा जवान आपल्या खर्चाने गेला म्हणून त्याचा हक्क जात नाही.

दुसऱ्या एका प्रकरणातला नाईकसुद्धा सुटीवर होता. बहिणीच्या घरी जिन्यावरून घसरून पडला. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने त्याचा दावा नाकारला. जिन्यावरून पडण्याचा आणि फौजेच्या कामाचा काही धागा जुळत नव्हता.

म्हणजे प्रश्न नेहमी धाग्याचा असतो. काकांच्या बाबतीत तोफ आणि कान यांच्यामधला धागा शोधायला फार लांब जावं लागत नाही.

सरकारची बाजूही ऐकायला हवी. २०२३ मध्ये कॅगच्या अहवालात दिसलं की अपंगत्वासह निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांचं प्रमाण जवानांच्या दुपटीहून जास्त आहे. रक्तदाब, मधुमेह यांसारखे आजार त्यात पुष्कळ. 'खरोखर जखमी झालेल्या जवानाच्या नावावर दुसरेच फायदा घेतात' अशी टीका झाली. त्याच वर्षी २१ सप्टेंबरपासून नवे नियम लागू झाले. त्यात जीवनशैलीच्या आजारांसाठी कसोट्या कडक झाल्या, आणि अपंगत्व असूनही नोकरीत राहून निवृत्त होणाऱ्यांच्या रकमेला 'अपंगत्व' ऐवजी वेगळं नाव मिळालं. माजी सैनिकांच्या संघटनांनी याला जोरात विरोध केला. सियाचिनला राहिलेल्या, वर्षानुवर्षं घरापासून दूर, झोप नसलेल्या माणसाचा रक्तदाब निव्वळ त्याच्या खाण्यापिण्याचा दोष कसा, असा त्यांचा सवाल आहे. दोन्हीकडे थोडं थोडं खरं आहे. नवे नियम त्या तारखेनंतर बाहेर पडणाऱ्यांसाठी आहेत. काकांसारख्या आधी निवृत्त झालेल्यांचा हिशेब जुन्याच नियमांनी होतो, हे मात्र नीट लक्षात ठेवा.

तरुण वाचकांनो, हे तुमच्यासाठी

तुमच्यापैकी कुणी खडकवासल्याच्या एनडीएचा अभ्यास करतंय, कुणाची मैत्रीण डुंडीगलच्या एअर फोर्स ॲकॅडमीचं स्वप्न बघतेय, गावाकडे कुणाचा भाऊ अग्निवीर झालाय. तुम्हाला दोन गोष्टी माहीत असायला हव्यात.

पहिली, कॅडेटची. प्रशिक्षण घेताना घोड्यावरून पडून किंवा बॉक्सिंगच्या रिंगणात कॅडेट कायमचा जायबंदी झाला, तर तो अजून अधिकारी झालेला नसतो, म्हणून त्याला माजी सैनिक मानत नाहीत. त्याला पेन्शन नाही, दरमहा एक सानुग्रह रक्कम मिळते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या मुलांच्या प्रश्नाची दखल घेतली. त्याच महिन्यात सरकारने त्यांच्यासाठी माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, म्हणजे ईसीएचएसचं दार उघडलं. देशासाठी लढायला निघालेला अठरा वर्षांचा मुलगा व्हीलचेअरवर परत येतो, आणि आई-बाप उरलेलं आयुष्य औषधांची बिलं भरतात. त्या घरांच्या दृष्टीने ही सुरुवात आहे.

दुसरी, अग्निवीराची. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत चार वर्षांची नोकरी आहे, नियमित जवानाची पेन्शन नाही. नोकरीमुळे अपंगत्व आलं तर एकदाच एक रक्कम मिळते. १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ टक्क्यांना २५ लाख, ५० टक्क्यांना १५ लाख. शिवाय चार वर्षांचा उरलेला पगार आणि सेवानिधी. रक्कम ऐकायला मोठी वाटते. पण वीस वर्षांच्या मुलाला पुढची पन्नास वर्षं काढायची असतात, हे गणित घरात बसून शांतपणे करा. भरतीला जाऊ नका असं मी म्हणत नाही, जायचं ते माहिती घेऊन जा.

हैदराबादेत बसून काय करता येईल?

काकांसाठी आम्ही केलं ते क्रमाने सांगते.

सगळ्यात आधी कागद. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचा अहवाल, रुग्णालयात दाखल झाल्याचे कागद, आणि अपघात असेल तर त्याचा दुखापत अहवाल. कागद घरी नसतील तर रेकॉर्ड ऑफिसला लिहून मागा. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोडला आहे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला. ईएमई आणि ऑर्डनन्स या दोन्हींची रेकॉर्ड ऑफिसं आपल्या सिकंदराबादला. लागलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो.

मग अपील. दावा नाकारला असेल तर पहिलं अपील, तिथेही नकार आला तर दुसरं अपील, अशी खात्याच्या आतली पायरी आहे. मुदती पाळा, आणि प्रत्येक पत्राची पोच जपून ठेवा.

त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झालं. तेलंगण चेन्नईच्या खंडपीठाकडे येतं, तर महाराष्ट्रातल्या नातेवाइकांसाठी मुंबईचं खंडपीठ आहे.

"आता इतकी वर्षं झाली, कोण ऐकणार?" हा काकांचा पुढचा प्रश्न होता. त्याचंही उत्तर आहे. तरसेम सिंग यांना १९८३ मध्ये घरी पाठवलं होतं, ते न्यायालयात गेले १९९९ मध्ये. २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन दर महिन्याला देय असते, त्यामुळे उशीर झाला म्हणून हक्क संपत नाही. मागची थकबाकी मात्र साधारण तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे उशिराची किंमत मोजावी लागते, पण दार बंद होत नाही.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर आधी सैनिक कल्याण कार्यालयात जा. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली. सैनिक मंडळांच्या कार्यालयांतच कायद्याची मदत मिळावी, असा तिचा हेतू आहे. "पैसे मिळाले की निम्मे द्या" म्हणणाऱ्या दलालांपासून मात्र लांब राहा.

आणि पैशापलीकडचंही काही आहे. पुण्याला १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांसाठी सुरू झालेली. खडकीलाच १९७४ पासून पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. तिथले काही जण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. सुटीत पुण्याला जाल तेव्हा मुलांना घेऊन एकदा परवानगीने जाऊन या.

काकांचा कागद

काका तयार कसे झाले ते सांगायचं राहिलं.

मी सगळं गणित मांडलं. टक्के, थकबाकी, सगळं. काका ऐकत होते, म्हणजे माझ्या ओठांकडे बघत होते. पैशाचं ऐकून त्यांचा चेहरा काही बदलला नाही. मग माझा धाकटा, तोच बाँबवाला, मध्येच त्यांच्या कानाशी जाऊन ओरडला, "आजोबा, तुमचा कान तोफेनं नेला हे त्यांनी लिहून द्यायला नको का?"

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काकूंना म्हणाले, "चष्मा दे माझा. सही कुठं करायची?"

आता अपील गेलं आहे. निकाल काय लागेल सांगता येत नाही, कदाचित चेन्नईपर्यंत जावं लागेल. पण परवा काकूंनी एक गंमत सांगितली. शेजारच्या गल्लीतले तिघे निवृत्त फौजी आपापल्या फाइली घेऊन काकांकडे आले होते. काका त्यांना समजावत होते, इतक्या मोठ्या आवाजात की सगळ्या गल्लीला पाठ झालं, "अरे, लाज कसली? हे मागणं नव्हे, आपलं येणं आहे!"

तुमच्याही घरात अशी एखादी फाइल असेल. या रविवारी कपाट उघडा आणि आजोबांच्या शेजारी बसून ती एकदा वाचा.